न्यायमूर्तींच्या निवृत्तीचा मुहूर्त

थर्गुड मार्शल यांनी २७ जून १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्ती जाहीर केली. वय ८२, तब्येत पार खालावलेली. या न्यायालयावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९६७ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांना नेमलं होतं. १९९१ मध्ये मात्र व्हाइट हाउसमध्ये रिपब्लिकन जॉर्ज बुश (थोरले) होते. त्यांनी मार्शल यांच्या जागी ४३ वर्षांच्या क्लॅरेन्स थॉमस यांचं नाव पुढे केलं आणि सिनेटने (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) ते ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केलं. मार्शल वारले २४ जानेवारी १९९३ रोजी. त्याच्या चारच दिवस आधी डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांचा शपथविधी झाला होता.

मार्शल खुर्ची सोडायला थांबले असते, तर ती जागा क्लिंटन यांनी भरली असती. दीड वर्षाच्या फरकाने न्यायालयातली एक जागा तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या विचारांच्या न्यायमूर्तीकडे गेली. अर्थात १९९१ च्या जूनमध्ये हे कुणालाच दिसत नव्हतं. आखाती युद्ध जिंकलेले बुश तेव्हा पुन्हा सहज निवडून येतील असं वाटत होतं.

आपल्याकडे असा पेच पडत नाही. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, हे राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. जन्मतारखा आणि सेवाज्येष्ठता हातात असली की पुढचे सरन्यायाधीश कोण आणि किती दिवसांचे, हे कागदावर मांडता येतं. म्हणून तर उदय लळित ७४ दिवस सरन्यायाधीश होते, भूषण गवई सहा महिन्यांच्या आसपास आणि यशवंत चंद्रचूड सात वर्षांहून अधिक. भारतात राजकारणाचा हिशेब नेमणुकीच्या वेळी होतो. अमेरिकेत तो नेमणुकीच्या वेळी होतोच, आणि जाताना पुन्हा एकदा होतो.

कारण तिथे निवृत्तीचं वयच नाही. ‘सद्वर्तन असेपर्यंत’ पद, म्हणजे व्यवहारात हयातभर. नऊ जागा १८६९ पासून कायम आहेत. जागा रिकामी झाली की राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट साध्या बहुमताने ते मंजूर करतं किंवा लटकवून ठेवतं.

पैशाची अडचण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, फार पूर्वीच दूर केली. १८६९ च्या कायद्याने सत्तरीनंतर आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण पगाराइतकी पेन्शन दिली. आता ‘ऐंशीचा नियम’ आहे: वय किमान ६५, आणि वय अधिक सेवेची वर्षं यांची बेरीज किमान ८०. ६५ व्या वर्षी १५ वर्षं सेवा हवी, ७० व्या वर्षी १० पुरे. या रेषेपलीकडे गेलेला न्यायमूर्ती घरी बसला तरी तेवढाच पगार मिळतो. म्हणजे तो जवळजवळ फुकटच काम करत असतो. मध्ये एकदा सरकारनेच माती खाल्ली होती. १९३२ मध्ये नव्वदीतले ऑलिव्हर वेंडेल होम्स निवृत्त झाले आणि त्याच वर्षीच्या काटकसर कायद्याने त्यांची २० हजार डॉलरची पेन्शन निम्म्यावर आणली. जाण्याच्या विचारात असलेले काही सहकारी ते पाहून खुर्चीला चिकटून बसले. मार्च १९३७ च्या कायद्याने पेन्शन पुन्हा सुरक्षित केली, आणि मे महिन्यात विलिस व्हॅन डेव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली.

पैसा बाजूला काढला की दोनच गोष्टी उरतात: आयुष्य किती उरलंय, आणि आपल्या मताचा राष्ट्राध्यक्ष व आपल्या मताचं सिनेट एकाच वेळी कधी असेल.

पहिल्या गोष्टीसाठी विमा कंपन्या वापरतात तसा मृत्युदर तक्ता पाहावा. करोनापूर्व अमेरिकेत ७० वर्षांच्या स्त्रीला पुढच्या वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता साधारण दीड टक्का होती, ८० व्या वर्षी सव्वाचार आणि ९० व्या वर्षी तेराच्या आसपास. उतारवयात ही शक्यता सहा-सात वर्षांत दुप्पट होते. पुरुषांचे आकडे याहून थोडे वाईट. न्यायमूर्ती सुस्थितीत असतात, उत्तम उपचार त्यांना मिळतात, त्यामुळे सर्वसाधारण तक्ता त्यांच्या बाबतीत जरा निराशावादीच ठरतो.

घोळ होतो तो इथेच. ‘यंदा मला काही होण्याची शक्यता पाच टक्के’ हा आकडा कुणालाही घाबरवत नाही. पण प्रश्न ‘यंदा’चा नसतोच. पुढचा अनुकूल योग येईपर्यंत किती वर्षं काढावी लागतील, तेवढ्या सगळ्या वर्षांच्या जगण्याच्या शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. आणि ही वर्षं किती, हे वैद्यकशास्त्र सांगत नाही, सिनेट सांगतं.

१९८१ पासूनचा हिशेब मांडून पाहा. अमेरिकेची काँग्रेस दोन-दोन वर्षांची. जानेवारी १९८१ पासून २०२६ अखेरपर्यंत अशा २३ काँग्रेस होतात. राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे, असं त्यांपैकी १४ मध्ये आहे, ८ मध्ये नाही, आणि २००१-०२ ची एक अर्धवट. डेमोक्रॅट बाजूच्या न्यायमूर्तीसाठी अनुकूल काळ फक्त तीन: १९९३-९४, २००९ ते २०१४ आणि २०२१ ते २०२४. १९९४ चा योग हुकला तर पुढचा थेट चौदा वर्षांनी! कपिलाषष्ठीच म्हणायची.

आता डेमोक्रॅट बाजूच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं प्रकरण या हिशेबात बसवू. जन्म मार्च १९३३, १९९९ मध्ये मोठ्या आतड्याचा आणि २००९ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग. जुलै २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना जेवायला बोलावलं. सिनेट डेमोक्रॅटांकडे होतं, पण २०१४ च्या निवडणुकीत ते जाण्याची चिन्हं होती. त्या थांबल्या. सिनेट गेलं. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. नुसता तक्ता घेतला, तर ८१ वर्षांची स्त्री आणखी सहा वर्षं जगण्याची शक्यता साधारण ६७ टक्के. म्हणजे तीनात दोन. पैज अगदीच वेडेपणाची नव्हती. मात्र तक्त्याला त्यांचे दोन कर्करोग माहीत नव्हते. शिवाय जगणं पुरेसं नव्हतं. त्या सहा वर्षांत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकायला हवी होती आणि सिनेटही परत मिळवायला हवं होतं. समजा, दोन्ही एकत्र होण्याची शक्यता निम्मी धरली, तरी गुणाकार एकतृतीयांशावर येतो. १८ सप्टेंबर २०२० रोजी त्या ८७ व्या वर्षी वारल्या. पुढचा अनुकूल योग सुरू झाला २० जानेवारी २०२१ ला: १२४ दिवसांचं अंतर. २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, सिनेटने ५२-४८ ने त्यांच्या जागी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांना मंजुरी दिली.

या प्रकरणात सगळं लक्ष वयाकडे आणि आजाराकडे गेलं. माझ्या मते निर्णायक तारीख मृत्यूची नव्हती, नोव्हेंबर २०१४ मधल्या मतदानाची होती. सिनेट विरोधकांकडे असेल तर काय होतं ते २०१६ मध्ये दिसलंच. १३ फेब्रुवारीला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले, मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, आणि ते २९३ दिवस पडून राहिलं. साधी सुनावणीही झाली नाही.

निवडणुकीच्या वर्षात उशिरा निघालेल्याचंही तेच. जून १९६८ मध्ये सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी जॉन्सन यांना निवृत्तीचं कळवलं. पण आपण पुन्हा लढणार नाही, हे जॉन्सन मार्चअखेरीसच सांगून बसले होते. मावळत्या राष्ट्राध्यक्षाला सिनेट कशाला भीक घालतं? एब फोर्टस यांचं नाव सदस्यांनी लांबलचक भाषणं करून अडवलं. निवडणूक रिचर्ड निक्सन यांनी जिंकली, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजकारणातल्या वॉरन यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने, आणि वॉरन यांचा वारस त्यांनीच नेमला.

बहुमत काठावरचं असेल तर मुदत निवडणुकीपर्यंतसुद्धा टिकत नाही. २००१ मध्ये सिनेट ५०-५० होतं आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर रिपब्लिकनांचं बहुमत चालत होतं. मे महिन्यात रिपब्लिकन सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी पक्ष सोडला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सिनेट विरोधकांच्या हातात गेलं. २७ जानेवारी २०२२ चा योगायोग तर अंगावर येणारा आहे. पुन्हा ५०-५० सिनेट. ८३ वर्षांच्या स्टीफन ब्रायर यांनी त्या दिवशी निवृत्तीचं पत्र दिलं, आणि त्याच दिवशी न्यू मेक्सिकोचे डेमोक्रॅट सिनेटर बेन रे लुहान पक्षाघाताने रुग्णालयात दाखल झाले. वय ४९. सुमारे पाच आठवड्यांनी ते परतले. पण हिशेबात धरायचा मृत्युदर एकट्या न्यायमूर्तींचा नसतो; आपल्या बाजूच्या पन्नास सिनेटरांचाही धरावा लागतो.

मग न्यायमूर्ती खरोखर मुहूर्त पाहून जातात का? रॉस स्टोल्झेनबर्ग आणि जेम्स लिंडग्रेन यांनी १७८९ ते २००६ मधल्या सगळ्या न्यायमूर्तींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. अशा अभ्यासात प्रत्येक न्यायमूर्तीच्या कारकिर्दीचे वर्षावर्षाचे तुकडे करतात आणि दर वर्षापुढे तीनपैकी एक नोंद होते: राहिला, निवृत्त झाला, पदावर वारला. मृत्यू आणि निवृत्ती एकाच खात्यात टाकले की चित्र बिघडतं, कारण जो वारला तो निवृत्त होणार होता की नाही, हे आपल्याला कळत नाही. निष्कर्ष असा: नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असेल आणि त्याच्या चार वर्षांतली पहिली दोन चालू असतील, तर निवृत्त होणं विरुद्ध न होणं यांचं गुणोत्तर सुमारे २.६ पट होतं.

हे २.६ जपून वाचावं. ते गुणोत्तराचं आहे, थेट शक्यतेचं नव्हे. समजा, एरवी निवृत्तीची शक्यता ५ टक्के, म्हणजे ५ विरुद्ध ९५. २.६ पट केल्यावर १३ विरुद्ध ९५, म्हणजे साधारण १२ टक्के. उरलेल्या ८८ टक्क्यांत न्यायमूर्ती जागेवरच असतात. राजकारणाचा परिणाम आहे, पण खुर्चीची ओढ त्याहून मोठी.

शिवाय या मोजमापात एक खोट आहे. नेमणाऱ्याचा पक्ष म्हणजे न्यायमूर्तींचं मत, हे नेहमी खरं नसतं. हॅरी ब्लॅकमन यांना रिपब्लिकन निक्सन यांनी नेमलं. वर्षं गेली तसे ते उदारमतवादी बाजूला सरकत गेले आणि क्लिंटन यांच्या दुसऱ्याच वर्षी, १९९४ मध्ये, सिनेट डेमोक्रॅटांकडे असताना निवृत्त झाले. मुहूर्त पाहावा तर असा! पण आकडेवारीत त्यांची नोंद होते विरोधी पक्षाच्या काळात गेलेले म्हणून.

राहिलं पत्र. ते राष्ट्राध्यक्षांच्या नावे लिहितात, दोन-चार ओळींचं. न्यायालयाचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होऊन जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी संपतं, म्हणून घोषणा बहुधा जूनच्या शेवटी होते. महत्त्वाचा असतो पत्रातला तारखेचा शब्दप्रयोग. अँथनी केनेडी यांनी २०१८ मध्ये ठाम तारीख दिली, ३१ जुलै. त्यांच्या जागेवरच्या ब्रेट कॅव्हनॉ यांना मंजुरी मिळेपर्यंत ६ ऑक्टोबर उजाडला, आणि नवं सत्र आठ न्यायमूर्तींवर सुरू झालं. सँड्रा डे ओकॉनर यांनी २००५ मध्ये ‘वारसाला मंजुरी मिळाल्यावर’ असं लिहिलं होतं, त्यामुळे जानेवारी २००६ अखेरपर्यंत त्या कामावर होत्या. अशा अटीचं पत्र मागेही घेता येतं: नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर खालच्या संघीय न्यायालयांतल्या काही न्यायाधीशांनी आधी जाहीर केलेला कामातून मोकळं होण्याचा बेत रद्द केला.

ब्रायर यांनी दोन्ही गाठी मारल्या: उन्हाळी सुट्टी लागल्यावर जाईन, तेही वारसाला मंजुरी मिळाली असेल असं धरून. केतांजी ब्राउन जॅक्सन यांना सिनेटने ७ एप्रिल २०२२ रोजी ५३-४७ ने मंजुरी दिली. जागा मात्र अजून रिकामी झालेली नव्हती. मंजूर झालेल्या न्यायमूर्ती ८४ दिवस खुर्चीविना थांबल्या आणि ३० जूनला दुपारी, ब्रायर यांची निवृत्ती लागू झाली त्याच वेळी, त्यांनी शपथ घेतली.