खोकलं की थेंब : एका लपवलेल्या दुखण्याच्या उपचारांची पार्श्वभूमी

माझी मावशी साताऱ्याहून कोल्हापूरला यायची ती सकाळपासून पाण्याचा घोट न घेता. एसटीत चढण्याआधी दोनदा लघवीला जाऊन यायची, तरी पिशवीत मऊ जुन्या लुगड्याच्या दोन घड्या असायच्याच. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली की सगळे चहाला उतरत, ती मात्र खिडकीशी बसून राहायची. ‘मला प्रवासात चहा सोसत नाही’ असं ती सांगायची आणि आम्हाला ते खरं वाटायचं.

खोकलं, शिंकलं, कळशी उचलली की लघवीचे थेंब जातात. किंवा कळ अशी येते की मोरीपर्यंत पोचणं होत नाही. किंवा खाली काहीतरी जड लोंबतंय असं वाटतं. या तिन्ही तक्रारी घरोघरी आहेत, पण त्यांना चारचौघांत घ्यावं असं नाव नाही. बायका आपसात आडून बोलतात : ‘अंग बाहेर येतं’, ‘मायांग खाली आलंय’, ‘लघवी धरवत नाही’. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘दोन-चार बाळंतपणं झाली की असं व्हायचंच.’ हे वाक्य हजारो वर्षं टिकलं. उपचारांचा इतिहास वाचताना जाणवतं ते हे की, जिथे जिथे कोणीतरी हे वाक्य मानायला नकार दिला आणि बाईला नीट विचारलं, तिथेच गाडी पुढे गेली.

आधी शरीराची रचना. ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात आणि तिघांच्याही वाटा झोळीतूनच खाली उतरतात. खोकताना पोटातला दाब वाढतो, तेव्हा ही झोळी आपोआप आवळते आणि लघवीची नळी मिटून राहते. बाळंतपणात बाळाचं डोकं याच झोळीतून बाहेर येतं. स्नायू प्रमाणाबाहेर ताणले जातात, कधी फाटतात. पुढे पाळी जाते, तिथलं कातडं आणि स्नायू पातळ होतात आणि तिशीत झालेली इजा पन्नाशीत बोलायला लागते. घाईची लघवी हा निराळा प्रकार. त्यात झोळीपेक्षा मूत्राशयाच्या अवेळी आवळण्याचा दोष जास्त. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून नेमकं कधी आणि कसं होतं हे बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय उपचार ठरत नाही.

खाली आलेलं गर्भाशय प्राचीन वैद्यांना चांगलंच माहीत होतं. चरक आणि सुश्रुत दोघांनीही वीस ‘योनिव्यापद’, म्हणजे योनीचे विकार, सांगितल्या आहेत. त्यांतल्या प्रस्रंसिनीसाठी, म्हणजे अंग खाली येण्यासाठी, सुश्रुत सांगतात ते असं : बाहेर आलेल्या भागाला तूप लावावं, दुधाच्या वाफेने शेकून तो मऊ करावा, हाताने आत बसवावा आणि वर बांधावं. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत बाईला शिडीला उलटं बांधून हलवण्याचा उपाय होता. अर्धं डाळिंब आत ठेवून गर्भाशयाला टेकू देण्याचाही होता. डाळिंब वाचून हसू येईल, पण त्यामागचा विचार बरोबर होता. आज दवाखान्यात रबराची किंवा सिलिकॉनची जी गोल रिंग बसवतात, ती त्या डाळिंबाचीच सुधारलेली आवृत्ती. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि या टेकूंचे कितीतरी आकार निघाले. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी रिंग आजही उत्तम उपाय आहे, आणि तिला कमी लेखलं जातं याचं मला वाईट वाटतं.

शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र एका जखमेपासून सुरू होते. आडलेल्या बाळंतपणात मूल दिवसेंदिवस अडकून राहिलं की मधली त्वचा मरते आणि मूत्राशयाला भोक पडतं. त्यातून लघवी रात्रंदिवस झिरपत राहते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी १८४५ ते १८४९ या काळात डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांनी हे भोक शिवण्याची रीत बसवली. ज्यांच्यावर बसवली त्या स्त्रिया गुलाम होत्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावं आपल्यापर्यंत पोचली आहेत. एकट्या अनार्कावर तीसएक शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. संमतीचा प्रश्न कोणी काढलाच नाही, कारण त्या काळच्या कायद्याने त्यांचं शरीर मालकाचं होतं. शेवटी चांदीच्या तारेचे टाके टिकले आणि सिम्स जगप्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. त्यांनी चमच्याची दांडी वाकवून सुरुवात केली आणि त्यातून तपासणीचं जे हत्यार घडलं, ते आजही आपल्याकडच्या स्त्रीरोग विभागांत ‘सिम्स’ म्हणूनच मागतात. ते हातात घेताना त्या तिघींची आठवण व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे अडचण त्याही आधीची होती. दुखणं पुरुष डॉक्टरला दाखवायचंच नाही, मग उपचार कुठला? बाईसाठी बाई डॉक्टर हवी या तळमळीने आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन आल्या. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांसाठी चालवलेलं, डॉ. एडिथ पीची यांच्या देखरेखीखाली. रखमाबाईंनीही पुढे इंग्लंडहून डॉक्टर होऊन इथल्याच बायकांची सेवा केली. लुगड्याच्या घड्या ठेवणारी बाई निदान उंबरठ्यापर्यंत तरी येऊ शकेल, एवढं या पिढीने साधलं.

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत शस्त्रक्रियांची रांग लागली. हॉवर्ड केली यांनी मूत्राशयाच्या मुखाशी टाके घालून ते आवळलं. मँचेस्टरमध्ये डोनाल्ड आणि फॉदरगिल यांनी खाली आलेलं गर्भाशय वर घेण्याची रीत रुळवली. १९४९ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये मूत्राशयाची मान ओटीपोटाच्या पुढच्या हाडाशी किंवा तिथल्या पट्ट्यांशी टांगण्याच्या शस्त्रक्रिया आल्या. १९६१ ची बर्च यांची शस्त्रक्रिया आजही केली जाते.

इथे मुंबईचं काम ठळकपणे सांगायला हवं, कारण मराठी वाचकांनाही ते फारसं माहीत नाही. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि मुंबईतच त्यांनी नाव कमावलं. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ जगभर प्रसिद्ध आहे. पण त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न रोज येऊन बसत होता. पाश्चात्त्य पुस्तकांतली अंग बाहेर आलेली बाई साधारणपणे उतारवयातली असे. मुंबईच्या वॉर्डात येणारी बाई विशी-तिशीतली होती. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, गर्भाशयाचं तोंड उघडण्याआधीच ‘जोर कर’ म्हणणारी सुईण आणि दहा-बारा दिवसांत पुन्हा डोक्यावर हंडा. तिला अजून मूल हवं असे. गर्भाशय काढलं तर तिचा संसारच मोडण्याची भीती. मँचेस्टरच्या रीतीत गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापला जाई, त्याने पुढचं गरोदरपण धोक्यात येई.

शिरोडकरांनी त्या रीतीतला कापण्याचा भाग टाळला. शिवाय पोटातून करायची एक निराळी शस्त्रक्रिया त्यांनी घडवली. मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढायची, तिचं एक टोक गर्भाशयाच्या मानेला मागून शिवायचं आणि दुसरं कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीच्या वरच्या काठाला. गर्भाशय पाळण्यासारखं टांगलं जातं. पुढे मांडीतल्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरली जाऊ लागली. मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्ट्या गर्भाशयाच्या मानेला पुढून जोडल्या. यातली खुबी अशी की बाई खोकली, तिने पोट आवळलं की त्याच ओढीने गर्भाशयही वर खेचलं जातं. समोरच्या बाईला काय हवंय हे विचारून शस्त्रक्रिया घडवायची, हे या दोघांनी केलं. गर्भाशय न काढता ते जागेवर बसवण्याची चर्चा आता पश्चिमेतही होते. मुंबईत ती कितीतरी आधी, गरजेपोटी, सुरू झाली होती.

याच काळात लॉस एंजेलिसमध्ये डॉ. आर्नल्ड केगेल उलट्या दिशेने विचार करत होते : झोळी स्नायूंची आहे, मग व्यायामाने ती बळकट का होऊ नये? खरं तर मार्गारेट मॉरिस या इंग्रज नर्तिकेने १९३६ मध्येच बाळंतिणींसाठीच्या व्यायामांत हा स्नायू धरला होता. केगेल यांनी १९४८ मध्ये त्याला मोजमापाची जोड दिली. त्यांनी एक साधं यंत्र केलं. योनीत ठेवायची हवेची रबरी नळी, तिला जोडलेली दाब दाखवणारी तबकडी. बाईने योग्य स्नायू आवळला की काटा हलतो, चुकीचा आवळला की हलत नाही. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं सराव. नुसतं तोंडी सांगून चालत नाही, हे केगेल यांचं ठाम म्हणणं होतं.

नेमकं तेच मागे पडलं. यंत्र अडगळीत गेलं, बोटाने तपासून शिकवणं गेलं, उरलं ते ‘आवळा आणि सोडा’ असं दारातून जाता जाता सांगितलेलं वाक्य. कित्येक बायका पोट नाहीतर नितंब आवळतात, काही जणी तर खाली जोर करतात, आणि महिनाभराने ‘केलं, पण फरक नाही’ म्हणून सोडून देतात. शिकवणारं कोणी नसेल तर यात बाईची काय चूक?

व्यायाम मागे पडला त्याला आणखी एक कारण होतं, झटपट शस्त्रक्रिया. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी लघवीच्या नळीखाली पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची अरुंद फीत सरकवण्याची पद्धत जाहीर केली. तेवढाच भाग बधिर करून अर्ध्या तासाचं काम. निवडक रुग्णांना तिचा मोठा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. पण त्या यशाच्या जोरावर बाहेर आलेल्या अंगासाठी योनीमार्गाने मोठमोठ्या जाळ्या बसवण्याची लाट आली. नवी जाळी आधीच्या जाळीसारखीच आहे एवढं दाखवलं की अमेरिकेत परवानगी मिळे, बायकांवर दीर्घकाळ चाचणी करावी लागत नसे. जाळी त्वचेतून बाहेर डोकावणं, न थांबणारी वेदना, शरीरसंबंध अशक्य होणं, आणि ती काढायची तर मांसात रुतलेली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये ही गुंतागुंत विरळ नसल्याचं बजावलं आणि एप्रिल २०१९ मध्ये अंगासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये लघवीसाठीच्या फितीसकट वापराला विराम देण्यात आला. तिथे बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट एकच : बायका दुखतंय म्हणत होत्या आणि डॉक्टर ते मानत नव्हते.

आपल्याकडे कोणी विचारलं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी विचारलं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी ३.६ विकार. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसायची ती गरोदरपणात आणि नसबंदीच्या शिबिरात. बाकीच्या आयुष्यातही तिला अवयव असतात हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवलं.

तरीही तीस वर्षांनी बीडमधून दुसरी बातमी आली. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं सर्रास काढली जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. गर्भाशय गेलं की कटकट गेली, असं त्यांना सांगितलं जातं. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २००७ मध्ये दिसलं ते उलट होतं. ज्यांचं गर्भाशय काढलं होतं, त्यांना पुढे लघवीच्या गळतीसाठी शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. कोवळ्या वयात गर्भाशय काढलेल्या, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या या बायकांचं पन्नाशीत काय होणार, याची काळजी आजच करायला हवी.

घाईच्या लघवीसाठी गोळ्या १९७० च्या दशकापासून आहेत, नंतर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनंही आली. पण खोकल्यासरशी होणाऱ्या गळतीसाठी जगातली वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रं आता पुन्हा केगेल यांच्याकडे वळली आहेत. ब्रिटनच्या सूत्रांत पहिला उपचार म्हणून जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली निदान तीन महिने व्यायाम सांगितला आहे, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठदा आवळणं. आधी बोटाने तपासून स्नायू बरोबर आवळतोय का हे पाहायचं, मगच घरी पाठवायचं. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर असा व्यायाम शिकवण्याचा खर्च १९८० च्या दशकापासून सरकारी विमा देतो. आपल्या सव्वा महिन्यात शेक-शेगडी आहे, ओव्याची धुरी आहे, डिंकाचे लाडू आहेत. या स्नायूसाठी मात्र काही नाही. ते सुरू करायला पैसाही लागत नाही, शिकवणारी एक बाई लागते.

मावशीला ‘खोकताना लघवी होते का?’ हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. गुडघ्यासाठी गेली होती, विचारणारी फिजिओथेरपिस्ट तिच्या नातीच्या वयाची. ‘होते,’ ती म्हणाली. ‘कधीपासून?’ ‘धाकट्याच्या वेळेपासून.’ धाकटा तेव्हा एकेचाळीसचा होता. त्या मुलीने पडदा ओढला, तपासलं, कुठला स्नायू ते दाखवलं आणि दर पंधरा दिवसांनी बोलावलं. मावशी देवासमोर बसल्या बसल्या आकडे मोजायची, शेजारचीला वाटायचं जप चाललाय. थेंब पूर्ण थांबले नाहीत, पण पुष्कळ कमी झाले.

गेल्या दिवाळीत ती एसटीने आली. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा सगळ्यांबरोबर खाली उतरली आणि तिने अख्खा कप चहा घेतला.