रुपेरी पडदा आणि पुरुषांची वेशभूषा

चित्रपटांतील पात्रांच्या, तसेच नट, गायक, खेळाडू अशा नामवंतांच्या पोशाखावरून स्वतःचे कपडे निवडण्याची प्रथा आणि त्यातून सर्वसामान्य पुरुषांच्या पेहरावात घडत गेलेले बदल, हा या नोंदीचा विषय आहे. त्याचा विचार करताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते : चित्रपटाने पुरुषांसाठी पूर्णपणे नवा कपडा घडवला, अशी उदाहरणे फार थोडी आहेत. कपडा बहुधा आधीपासून वापरात असतो. तो कामगाराचा, सैनिकाचा, मोटारसायकलस्वाराचा किंवा नुसता शर्टाच्या आत घालण्याचा असतो. पडदा त्याला मूळ जागेवरून उचलतो, दुसऱ्याच प्रसंगात आणून ठेवतो आणि तिथे त्याला वेगळा अर्थ मिळतो. प्रेक्षक आधी त्या अर्थाकडे ओढला जातो, कापडाकडे नंतर.

चित्रपटापूर्वी पुरुषांच्या पेहरावाला आदर्श पुरवण्याचे स्थान राजदरबाराकडे आणि त्याच्या भोवतालच्या उमराव वर्तुळाकडे होते. इंग्लंडमध्ये बो ब्रमेल (१७७८–१८४०) याने भरजरी कपड्यांऐवजी गडद रंगाचा, नेमका बेतलेला कोट आणि स्वच्छ पांढरे गळवस्त्र प्रतिष्ठित केले. आजच्या सूटचे मूळ अनेक अभ्यासक तिथवर नेतात. पुढे एडवर्ड आठवा म्हणून गादीवर आलेला आणि ती सोडल्यावर ड्यूक ऑफ विंडसर झालेला युवराज हा छायाचित्रे व वार्तापट यांच्या काळातील पहिला मोठा आदर्श ठरला. १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर तो फेअर आयल नक्षीचा विणलेला स्वेटर घालून उतरला आणि एका दूरच्या बेटावरचे हे हातकाम शहरी पुरुषांच्या कपाटात आले. त्याच्या टायची गाठ भरदार दिसे. ती तशी साधावी म्हणून चाहते टायला दुहेरी वळण देऊ लागले आणि त्या गाठीला विंडसर गाठ हे नाव पडले. ड्यूक स्वतः साधी गाठच मारत असे. त्याचे टाय जाड अस्तर घालून शिवलेले असत. अनुकरण करणाऱ्याला परिणाम दिसतो, कृती दिसत नाही, आणि ती शोधताना तो कधीकधी नवेच काही निर्माण करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

१९३० च्या दशकातील हॉलिवूडमध्ये नट्यांच्या पोशाखांच्या नकला दुकानांतून रीतसर विकल्या जात. पुरुषांच्या बाबतीत प्रभावाची वाट वेगळी होती, कारण आधुनिक काळातील कथांमध्ये नटांनी बहुधा स्वतःचेच सूट आणावेत अशी अपेक्षा असे. त्यामुळे फ्रेड अस्टेअर, गॅरी कूपर किंवा केरी ग्रँट पडद्यावर जे घालत, त्यात त्यांची व्यक्तिगत आवड आणि त्यांच्या शिंप्यांचे कसब थेट उतरे. अस्टेअरचे सूट लंडनच्या सॅव्हिल रो परिसरातील शिंपी बेतत. नाचताना त्याचे हात डोक्यावर जात, तरी कोटाची कॉलर मानेवरून हलत नसे. यात जादू काही नाही : मुंढा, म्हणजे बाही जोडण्यासाठी कापलेली जागा, काखेला लागून, उंचावर आणि लहान कापला की हात वर करताना फक्त बाही उचलली जाते, कोट जागेवर राहतो, मुंढा खोल कापला की सगळा कोटच हाताबरोबर वर चढतो. अस्टेअर कमरेला पट्ट्याऐवजी जुना टाय बांधी. ही लकब सहज उचलली गेली. मुंढ्याचे शास्त्र मात्र शिंप्यांपुरतेच राहिले, आणि माझ्या मते अस्टेअरकडून घेण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

याच दशकातली एक आख्यायिका या विषयावरील लेखनात वारंवार येते. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ मध्ये क्लार्क गेबल शर्ट काढतो, तेव्हा आत बनियन नसते. त्यामुळे अमेरिकेत बनियनचा खप कोसळला, असे सांगितले जाते. या घसरणीला विश्वसनीय आकडेवारीचा आधार नाही. तरीही ही कथा टिकली, कारण एका नटाच्या उघड्या छातीने अख्खा उद्योग हादरू शकतो यावर लोकांनी तेव्हाच विश्वास ठेवायला सुरुवात केली होती.

खरे स्थित्यंतर १९५० च्या दशकात घडले. टी-शर्ट हा मुळात आतला कपडा. अमेरिकी नौदलाने १९१३ च्या सुमारास तो खलाशांच्या गणवेशाखाली दिला. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या १९५१ च्या चित्रपटासाठी, आणि त्याआधी १९४७ च्या रंगमंचीय प्रयोगासाठीही, वेशभूषाकार ल्युसिंडा बॅलर्ड यांनी मार्लन ब्रँडोचे टी-शर्ट आवळून अंगाला चिकटतील असे करून घेतले. आतला कपडा बाहेर आला आणि त्याबरोबर घामाचे, श्रमाचे शरीरही दिवाणखान्यात आले. दोन वर्षांनी ‘द वाइल्ड वन’ मध्ये ब्रँडोने पर्फेक्टो धाटणीचे कातडी जाकीट घातले. हे जाकीट आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी तयार केले होते. त्याची तिरकी चेन वाऱ्याला अडवण्यासाठी आणि पुढे वाकून बसल्यावर पोटाशी न टोचण्यासाठी होती; रुंद लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्ट्या, बटणांनी दाबून ठेवता येत, तेही वेगात फडफडू नयेत म्हणून. पडद्यावर या सोयींचे रूपांतर बंडखोरीच्या खुणांत झाले. ब्रिटनमध्ये त्या चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत परवानगी नव्हती, तरीही तिथल्या मोटारसायकलवेड्या तरुणांच्या अंगावर कातडी जाकिटे आली. वेशभूषेचा प्रभाव पसरायला पूर्ण चित्रपट पाहावाच लागतो असे नाही. एखादे छायाचित्रही पुरते.

जेम्स डीनच्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ चे चित्रण कृष्णधवल पटावर सुरू झाले होते. ते थांबवून नंतर रंगीत करण्यात आले. निळी जीन्स, पांढरा टी-शर्ट आणि लाल जाकीट ही सांगड आज इतकी परिचित आहे की त्या लाल रंगाचे स्थान या एका निर्णयावर किती अवलंबून होते हे लक्षात येत नाही. डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात मरण पावला आणि चित्रपट पुढच्याच महिन्यात प्रदर्शित झाला. जीन्स हा कामगारांचा आणि गुराख्यांचा कपडा असल्याने तो त्या काळात अनेक अमेरिकी शाळांनी निषिद्ध ठरवला होता. बंदीने त्याचे आकर्षण वाढवलेच.

सूटच्या बाबतीत पडद्याचे काम याच्या उलट, शिकवण्याचे राहिले. १९६२ मध्ये पहिला जेम्स बाँडपट करताना दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी शॉन कॉनरीला स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअर यांच्याकडे नेले. सूट अंगवळणी पडावा म्हणून यंग यांनी त्याला तो घालून झोपायलाही सांगितले, असे म्हणतात. कॉनरीचे कोट अरुंद लॅपलचे, शांत राखाडी व निळ्या छटांचे होते, आणि त्यांत ठसठशीत असे काहीही नव्हते. म्हणूनच ते जुने झाले नाहीत. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ साठी जॉर्जिओ अरमानी यांनी रिचर्ड गिअरला दिलेल्या कोटांत कडक भर आणि ताठ अस्तर कमी झाले, खांदा उतरला आणि कापड अंगावरून ओघळू लागले. चार वर्षांनी ‘मायामी व्हाइस’ या दूरचित्रवाणी मालिकेने अशाच सैल कोटाखाली टी-शर्ट घातला. ब्रँडोचा आतला कपडा आणि कार्यालयातला कोट असे एकत्र आले.

१९६८ मध्ये नट स्टीव्ह मॅक्वीनचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. ‘द थॉमस क्राउन अफेअर’ मध्ये तो श्रीमंत माणसाच्या तीन भागांच्या सूटात आहे. ‘बुलिट’ मध्ये ट्वीड या जाड्याभरड्या लोकरी कापडाच्या कोटाखाली शर्ट-टायच्या जागी गडद रंगाचा उंच गळ्याचा स्वेटर आहे. दुसरा वेश आजही सर्रास वापरात आहे, पहिला क्वचित. त्या स्वेटरमधून घेता येण्याजोगा नियम साधा आहे : कोट तसाच ठेवून गळ्याजवळची एकच गोष्ट बदलली की औपचारिकपणा निम्म्यावर येतो.

पडद्यावरचा पोशाख जसाच्या तसा उचलला की तो बहुधा फसतो, आणि याचे कारण वेशभूषेच्या कामातच आहे. हे कपडे एका विशिष्ट शरीरासाठी, विशिष्ट प्रकाशासाठी आणि कथेतल्या विशिष्ट क्षणासाठी तयार होतात. एकाच पोशाखाच्या अनेक प्रती असतात : एक जवळच्या दृश्यांसाठी, एक धावपळीसाठी, एक भिजण्यासाठी. नव्या कपड्याला वापरलेपण यावे म्हणून तो घासला, धुतला, मळवला जातो. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मधील कातडी जाकीट डेबोरा नॅडूलमन यांनी तारेच्या ब्रशने घासून जुने केले. चाहत्याला दुकानात मिळते ते मात्र चकचकीत आणि कोरे. अगदी पांढरे कापड दिव्यांखाली डोळ्यांत खुपते म्हणून अनेकदा किंचित मळकट पांढरे वापरतात, आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते म्हणून ती टाळतात. हे नियम उलटवायचे तर कारण लागते. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७) साठी पॅट्रिझिया फॉन ब्रँडनस्टाइन यांनी तयार मिळणारा पांढरा सूट घेतला, कारण अंधाऱ्या नृत्यगृहात नजर त्या एकाच माणसावर खिळायला हवी होती. रंगीत दिव्यांविना, भर दुपारी तोच सूट पांढऱ्या कापडाचा ढीग वाटतो.

कधी मूळ पोशाखच योगायोगाने घडलेला असतो. ‘दीवार’ (१९७५) मधील अमिताभ बच्चन यांच्या निळ्या शर्टाला पोटाशी मारलेली गाठ तरुणांनी हौसेने उचलली. बच्चन यांनीच सांगितल्याप्रमाणे शिवताना शर्ट फार लांब झाला होता म्हणून ती मारावी लागली. अनुकरण हवामानालाही जुमानत नाही. १९८६ च्या ‘अ बेटर टुमॉरो’ मधील चाऊ युन-फॅटचा लांब कोट आणि काळा चष्मा पाहून हाँगकाँगच्या दमट उकाड्यातही तरुण मुले लांब कोट घालून हिंडू लागली.

या ओढीचे मोल व्यापाराने लवकर ओळखले. रे-बॅनचा वेफेअरर चष्मा १९५२ पासून बाजारात होता, पण १९७० च्या दशकात त्याची चलती उरली नव्हती. १९८२ मध्ये कंपनीने आपले चष्मे चित्रपटांत व मालिकांत दिसावेत यासाठी करार केला. पुढच्याच वर्षी ‘रिस्की बिझनेस’ मध्ये टॉम क्रूझने वेफेअरर घातला आणि चष्म्याला दुसरा जन्म मिळाला. बाँडच्या मनगटावर १९९५ पासून ओमेगाचे घड्याळ आहे. घड्याळांच्या बाबतीत नटाची मालकी हेच मूल्य बनते : पॉल न्यूमनचे स्वतःचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलरला गेले. अशा वस्तूतून वेशभूषेची प्रेरणा घेता येत नाही. तो संग्राहकांचा प्रांत आहे.

गायक आणि खेळाडू यांचा प्रभाव अधिक थेट असतो, कारण मध्ये पात्र नसते. बीटल्सनी १९६३ मध्ये घातलेले कॉलरविरहित कोट फॅशन रचनाकार पिअर कार्डां यांच्या धाटणीवरून डगी मिलिंग्ज या लंडनच्या शिंप्याने शिवले होते. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप समूहाने आपल्या आदिदास बुटांवर गाणे केले आणि त्यातून बूट-उत्पादक कंपनीशी करार झाला. नामवंत आणि उत्पादक यांतली सीमा पुढे इतकी पुसट झाली की २०२३ मध्ये फॅरेल विल्यम्स हा संगीतकार लुई व्हितॉं या फॅशन कंपनीच्या पुरुष विभागाचा सर्जनशील संचालक झाला. दरम्यान लाल गालिच्यावर काळ्या टक्सिडोची, म्हणजे समारंभी सूटची, सक्ती सैल झाली. २०१९ च्या ऑस्कर समारंभात बिली पोर्टर वर टक्सिडो आणि खाली घेरदार मखमली झगा अशा ख्रिश्चन सिरियानो यांच्या पोशाखात आला.

समाजमाध्यमांच्या काळात तारा काय घालतो हे त्याच दिवशी कळते आणि त्याची स्वस्त नक्कल काही आठवड्यांत बाजारात येते. या वेगात कपडा समजून घेण्याची सवड राहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. याच काळात एक वेगळा प्रकारही घडला. फेब्रुवारी २०२० मध्ये गायक हॅरी स्टाइल्सने एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तालमीच्या वेळी फॅशन रचनाकार जेडब्ल्यू अँडरसन यांचे रंगीबेरंगी चौकोन जोडलेले विणलेले कार्डिगन घातले होते. ते परवडण्याजोगे नव्हते, म्हणून लोकांनी सुया आणि लोकर हाती घेतली. टाळेबंदीत घरी बसलेले हजारो विणकर टिकटॉकवर आपापले चौकोन दाखवू लागले. तेव्हा अँडरसन यांनी विणकामाचा संपूर्ण नमुना सर्वांसाठी खुला केला, आणि त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते कार्डिगन आपल्या संग्रहात घेतले.