ऊलाँग आंबत नाही

परवा शेजारच्या काकूंनी ऊलाँग चहाचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. वजन उतरतं म्हणून त्यांच्या सुनेने मागवलेलं. त्यावर छापलं होतं, 'अर्ध-आंबवलेला'. "म्हणजे इडलीच्या पिठासारखंच ना रे? पोटात चांगले जंतू जात असतील," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी तो आलं, साखर, दूध घालून खळाखळा उकळलाही होता.

इडलीचं पीठ फुगतं ते जंतूंमुळे. ऊलाँगमध्ये ना जीवाणू लागतात ना यीस्ट. 'आंबवणे' हा चहाच्या धंद्यातला जुना शब्द, रसायनशास्त्र कळण्याआधीचा, आणि तो अजून पाकिटांना चिकटून आहे.

असाच एक जुना घोटाळा झाडाबद्दलही होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1762 मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन वेगळ्या जाती नोंदवून टाकल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चीनच्या चहाच्या मुलखात फिरला, तेव्हा एकाच झाडाच्या पानांपासून दोन्ही होताना त्याने पाहिले. हिरवा, काळा, ऊलाँग सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर.

वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. चहाच्या पानातही तेच घडतं. कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, साठलेली असतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे तांब्याचे अणू असलेलं विकर (एन्झाइम) हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, असतं. पेशी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. पेशी फुटली, हवा लागली, की विकर कॅटेचिनचं ऑक्सिडीकरण करतं. पाकिटावरचं 'आंबवणं' ते हेच. त्यातून नारिंगी थिॲफ्लेविन आणि तांबूस-तपकिरी थिॲरुबिजिन तयार होतात. हिरव्या चहात पान लगेच तापवून विकर निकामी करतात. आपल्या घरातल्या दाणेदार सीटीसी चहात (हे यंत्र 1930च्या सुमारास आसामात आलं) दातेरी रुळांमध्ये पानाचा पार चेंदामेंदा होतो, सगळ्या पेशी एकदमच फुटतात.

ऊलाँगवाला मात्र पानाला मारत नाही, जखमी करतो. मला या चहाचं वेड लागलं ते इथेच.

फुजियान प्रांतातले वुयी डोंगर आणि आन्शी, ग्वांगदोंगमधला फिनिक्स डोंगर आणि समुद्रापलीकडचं तैवान ही ऊलाँगची खरी घरं. इथे 'दोन पानं आणि एक कळी' चालत नाही. कळी उमलू देतात आणि जरा जून झालेली तीन-चार पानं खुडतात, कारण पुढचा मार कोवळ्या पानाला सोसत नाही. थोडा वेळ उन्हात मरगळू दिलं, की बांबूच्या सुपात किंवा फिरत्या पिंपात पान हलवायचं. कडा एकमेकींवर आपटतात, तिथल्याच पेशी फुटतात. मग तास-दोन तास विसावा. त्या वेळात देठातलं पाणी पात्याकडे सरकतं आणि मरगळलेलं पान पुन्हा ताठ होतं. पुन्हा हलवायचं, पुन्हा विसावा. असं रात्रभर चालतं. कारागीर घड्याळापेक्षा नाकावर जास्त विसंबतो, कारण कच्च्या गवताचा वास जाऊन फुलाचा येऊ लागतो.

हा फुलाचा वास येतो कुठून? खुडलेलं पान तासन् तास जिवंत असतं. मार बसला की त्याला कीड लागल्यासारखं वाटतं, आणि ते बचावाची रसायनं बनवू लागतं. नेरोलिडॉल हे फुलासारख्या वासाचं द्रव्य बनवणारं जनुक जागं होतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनण्याच्या वाटेवर इंडोल ही मधली पायरी असते; तेही जखमेनंतर साठू लागतं. (नावं विसरलात तरी चालेल.) इंडोल भरपूर असेल तर घाण मारतं, विष्ठेतही ते असतं. पण किंचितसं असलं की तोच मोगऱ्याचा वास! सीटीसीत हे जमत नाही, कारण चेंदलेल्या पेशीला नवं काही बनवायला सवडच मिळत नाही.

तैवानचा 'ओरिएंटल ब्युटी' याच्याही पुढे जातो. तिथे खरोखरची कीडच लागू देतात. तुडतुडे रस शोषतात आणि त्याला उत्तर म्हणून पानात मधासारखा वास उतरतो. अर्थात त्या मळ्यात कीटकनाशक मारून चालत नाही.

हवा तेवढा रंग चढला की तापलेल्या कढईत किंवा पिंपात पान परततात. विकर हे प्रथिन, अंड्याच्या बलकासारखं उष्णतेने बिघडतं आणि सगळं थांबतं. मग वळणं, वाळवणं. वुयीकडे कोळशावर भाजणंही. ऑक्सिडीकरण कुठे थांबवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून एक ऊलाँग हिरव्याच्या जवळचा तर दुसरा काळ्याच्या.

आता काकूंची सून. नुसत्या चहाने वजन उतरलं असतं तर चहाच्या टपरीवर एकही पोट दिसलं नसतं. बिनसाखरेच्या पेल्यात कॅलरी नसतात, एवढंच. वुयीचा नामांकित ऊलाँग 'मूळ झाडाचा दा-हाँग-पाओ' म्हणून विकतात तीही थापच. वुयीतल्या कड्यावर त्याची सहा जुनी झुडपं उरली आहेत आणि 2006 पासून त्यांची पानं खुडतच नाहीत.

काकूंना मी रीतसर करून दिला. शंभर मिलिलिटरला 5 ग्रॅम पान, उकळतं पाणी, अर्धा मिनिट, झाकण घालून, कारण उघड्यावर उकळला की वास स्वयंपाकघरात जातो, पेल्यात उरत नाही. तीच पानं पाच-सहा वेळा चालतात. "पाणचट आहे रे," पहिल्या घोटाला त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी पेला बराच वेळ नाकाशी धरून बसल्या.

उरलेल्या चोथ्यातलं एक पान मी बशीत उलगडलं. भाजणी हलकी होती म्हणून स्पष्ट दिसलं, मध्ये हिरवं आणि कडेला विटकरी तांबडं.