पार्श्वभूमी : 1840 च्या दशकातली लंडन स्टाउट आणि ब्राउन माल्टचे त्रांगडे

इंग्लंडमधल्या आमच्या हौशी गटाने पुढच्या खेपेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली लंडन स्टाउट (गडद, कडक बीअर) करायची ठरवली आहे. नमुना लंडनच्या साउथवर्क भागातल्या त्या बलाढ्य ब्रुअरीचा, जिची कडक स्टाउट रशियन दरबारापर्यंत जायची. मूळ घनता (आंबवण्यापूर्वीची, पाण्याची 1 धरून) 1.100 च्या पुढे, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) सढळ हाताने. एवढ्यावर सगळ्यांचे एकमत झाले. भांडण जुंपले ते ब्राउन माल्टवरून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, ब्राउन हा त्याचा तपकिरी प्रकार), आणि ते अजून मिटलेले नाही.

स्टाउटची थोरली बहीण म्हणजे पोर्टर, लंडनची गडद बीअर. तिची जन्मकथा पुन्हा सांगत बसत नाही. 1722 मध्ये लंडनच्या शोर्डिचमध्ये तीन पिपांतल्या बीअरींच्या मिश्रणाऐवजी ती निघाली ही गोष्ट बरीच नंतरची आणि बरीच सजवलेली आहे. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की अठराव्या शतकात ‘स्टाउट’ म्हणजे कोणतीही कडक बीअर. फिकट रंगाची स्टाउटही मिळायची.

खरी गोष्ट सुरू होते ती मोजमापापासून. सुरुवातीची पोर्टर जवळजवळ निव्वळ ब्राउन माल्टची असे. लाकडाच्या आचेवर वाळवलेला हा माल्ट हर्टफर्डशरमधून लंडनला येई. त्याच्यात स्वतःचे स्टार्च फोडण्याइतकी एन्झाइम शिल्लक असत, नाहीतर बीअर झालीच नसती. 1784 च्या सुमारास सॅकरोमीटर (काढ्यातली साखर मोजायचे उपकरण) ब्रुअरींच्या हाती आला आणि हिशेबाची वही उघडी पडली. पेल माल्ट (हलका वाळवलेला, फिकट) महाग होता खरा, पण साखर देण्यात ब्राउनच्या कितीतरी पुढे. त्यात युद्धापायी माल्टवरचा कर चढत गेला. कोणता धंदेवाला ब्राउनला चिकटून राहील? ब्रुअरींनी आधाराला पेल माल्ट घेतला, ब्राउनचे प्रमाण कमी केले, आणि बीअरचा रंग उडाला.

मग रंगासाठी खटपटी सुरू झाल्या. 1811 मध्ये करपवलेल्या साखरेचा रंग घालायची मुभा मिळाली, 1816 च्या कायद्याने ती गेली. माल्ट आणि हॉप्सखेरीज काही घालाल तर दंड. लगेच 1817 मध्ये कॉफी भाजायच्या ढोलासारख्या ढोलात माल्ट काळाकुट्ट भाजण्याचे पेटंट निघाले. चिमूटभर काळा माल्ट घातला की रंगही मिळे आणि कायदाही पाळला जाई. डब्लिनकडच्या ब्रुअरींनी पुढे ब्राउनला जवळजवळ रजाच दिली, पेल आणि काळा एवढ्यावर भागवले. लंडनने मात्र ब्राउन सोडला नाही. दोन शहरांच्या स्टाउटमधला फरक इथे पडला, आणि माझ्या मते लंडनची बाजू उजवी होती.

आता आमचा वाद. गटातल्या एका पक्षाचे म्हणणे असे की, दुकानातला ब्राउन माल्ट ढोलात भाजलेला, एन्झाइम मेलेला. ऐतिहासिक म्हणायचे तर पेल माल्ट घरच्या ओव्हनमध्ये हळूहळू भाजून जुन्या पद्धतीचा ब्राउन करावा. तसा केलेला एक नमुना मागच्या बैठकीत हातोहात फिरला. दाणा दाताखाली कुरकुरतो, आधी बिस्किटाची चव येते, मागून किंचित कडवट झाक. दुकानातला त्याहून कोरडा आणि करपट. ओव्हनवाल्यांची मेहनत मान्य, पण ते शंभर वर्षे चुकताहेत. एन्झाइमवाला ब्राउन लागतो 1740 च्या पोर्टरला. ब्रुअरीच्या 1840 च्या नोंदवहीत साखर द्यायला पेल माल्ट बसलेला आहे. ब्राउनकडून चव आणि थोडा रंग, एवढीच अपेक्षा. लाकडाची आच आणि ढोल यांतला फरक उरतोच, पण तो ओव्हननेही भरून निघत नाही.

ब्रुअरीच्या जुन्या वह्या वाचताना दुसरा घोळ मापांचा. घनता लिहिलेली असते बॅरलमागे पौंडांत : 37 म्हणजे 36 गॅलनच्या बॅरलचे वजन तेवढ्याच पाण्यापेक्षा 37 पौंड जास्त. पाणी 360 पौंड, म्हणजे आपल्या भाषेत 1.103. माल्ट लिहिलेला असतो क्वार्टरमध्ये, आणि क्वार्टर हे वजन नव्हे, आकारमान; आठ बुशेल. ब्राउनचा दाणा भाजताना फुगतो, म्हणून त्याचा क्वार्टर पेलपेक्षा बराच हलका. क्वार्टरचे प्रमाण जसेच्या तसे किलोंत उतरवले की बीअर भलतीच करपट होते, आणि दोष मात्र रेसिपीला. त्यातच एका मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमधून) स्टाउट आणि पोर्टर दोन्ही काढायची पद्धत असल्याने एकाच पानावर दोन बीअरींचा संसार असतो.

1880 साली माल्टवरचा कर जाऊन तो वर्टच्या (माल्टच्या न आंबवलेल्या गोड काढ्याच्या) घनतेवर बसला आणि न माल्ट केलेल्या धान्याला दार उघडले. त्याआधी असे धान्य घालणे बेकायदा होते. तेव्हा 1840 च्या नावाखाली भाजलेले सातू घालणाऱ्या रेसिपी सरळ बाजूला ठेवाव्यात. डब्लिनच्या त्या सुप्रसिद्ध स्टाउटमध्येही ते 1930 च्या आसपासच शिरले. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी घनतेला कात्री लागली, लंडनची स्टाउट पाणचट झाली आणि आयरिश स्टाउट हाच जगाच्या लेखी स्टाउटचा अर्थ झाला. मुंबई-कलकत्त्याच्या जहाजांतून गोऱ्या शिपायांसाठी पोर्टर भरभरून जायची. ‘इंडिया’ हे बिरुद मात्र साहेबलोकांच्या पेल एल या फिकट बीअरला चिकटले.

इंग्लंडमध्ये घरी बीअर करायला परवाना लागू नये हे 1963 मध्ये ठरले. सत्तरच्या दशकात काही मंडळांनी जुन्या वह्या धुंडाळून त्या बीअरी पुन्हा करायला घेतल्या, आणि आज आपण वापरतो त्यातले बरेचसे ज्ञान त्यांच्या उचापतींतून आलेले आहे. (पुण्या-मुंबईतल्या मित्रांसाठी : 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना हा उद्योग गुन्हा आहे. चव घ्यायला इकडेच या.) साउथवर्कच्या त्या स्टाउटची परंपरा वेगवेगळ्या मालकांच्या हातून 1993 पर्यंत चालली, 2011 मध्ये पुन्हा जिवंत केली गेली.

राहिला प्रश्न मुरवण्याचा. जुनी स्टाउट प्रचंड लाकडी पिपांत वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरे, आणि तिची ती खास चव ब्रेट्टानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) यीस्टची, हे कोपनहेगनच्या प्रयोगशाळेने इंग्लिश बीअर तपासून 1904 च्या सुमारास मांडले. 1840 पर्यंत लंडनकरांची आवड ताज्या पोर्टरकडे झुकू लागली होती. रशियाला जाणारी कडक स्टाउट मात्र मुरवायचीच. आमच्यातल्या निम्म्यांना ब्रेटचा वास सहन होत नाही. म्हणून अर्धी खेप साध्या यीस्टवर, अर्धी ब्रेट घालून ओकच्या कांड्यांसह वर्षभर तळघरात.