गेमिंग पीसी जुळवताना एसएमपीएसवर पैसे वाचवू नका

“पीसी एरवी दिवसभर चालतो, पण गेम लावला की पाच-दहा मिनिटांत बंद पडतो.” ही तक्रार इतक्या जणांकडून येते की दुकानाच्या काउंटरवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहून द्यावं असं ठरवलं. कमी बजेटमध्ये घरी गेमिंग पीसी जुळवणार असाल तर पार्ट घेण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे येईपर्यंत तुम्ही बरंच काही करून पाहिलेलं असतं. विंडोज पुन्हा टाकलेलं असतं, रॅम काढून खोडरबरने घासलेली असते, ग्राफिक्स कार्ड मित्राच्या पीसीत लावून पाहिलेलं असतं आणि तिथे ते व्यवस्थित चाललेलं असतं. यात आठवडा जातो. कॅबिनेट उघडलं की आत बहुतेक वेळा कॅबिनेटसोबत आलेला साधा एसएमपीएस (घरातली वीज पीसीच्या सगळ्या पार्टना पुरवणारा डबा) निघतो, नाहीतर ऑफिसच्या जुन्या पीसीतून काढलेला.

त्याच्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. त्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १४ लिहिलेत, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टचे असतात, ते गेमच्या फारसे कामाला येत नाहीत. आता हिशेब करा: रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड. दोघांचे मिळून २३५ झाले, मदरबोर्ड आणि पंखे वेगळेच. यूट्यूब बघताना यातलं थोडंच लागतं म्हणून पीसी चालतो. गेममध्ये पूर्ण लोड आला की एसएमपीएस हात टेकतो.

अशा एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डची ६ किंवा ८ पिनची वायर बऱ्याचदा नसतेच. मग हार्ड डिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर जोडून काम भागवलं जातं. हे कृपया करू नका. ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅटपर्यंत वीज जाणं अपेक्षित असतं. हलक्या वायरी आणि ढिल्या पिना एवढ्याने तापतात, प्लॅस्टिक वितळतं. जळका कनेक्टर दिसला की वॉरंटी मिळणंही अवघड होतं.

सोलापुरात या गोष्टीला जास्त जपावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. चांगला एसएमपीएस तेवढं सहन करतो, साधा करत नाही. यंत्रमागाजवळ राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये तर सुताची बारीक रुई जाऊन पंखाच जाम होतो. तिकडच्या ग्राहकांनी दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारून घ्यावा.

मग घ्यायचं काय? ५५० वॅटचा, नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ एसएमपीएस बहुतेक बजेट पीसींना पुरतो. पुढे कार्ड बदललं तरी तोच चालतो. ८० प्लस हे वीज किती वाया जात नाही याचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा.

बजेट खरंच तोकडं असेल तर एसएमपीएस कापू नका, ग्राफिक्स कार्ड पुढे ढकला. रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच असतं. सोबत ८ जीबीच्या दोन रॅम लावा. १६ची एकच लावली तर याच प्रोसेसरचा वेग चांगलाच कमी पडतो. व्हॅलोरंटसारखे गेम यावर आरामात चालतात. कार्ड सहा महिन्यांनी घ्या. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे, त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. आणि आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं येतं: ६ जीबीचं ७० वॅटचं, बहुतेक वेळा वेगळ्या वायरीशिवाय चालणारं, आणि ८ जीबीचं १३० वॅटचं. ऑर्डर करताना नीट वाचा.

यूपीएसबद्दलही विचारतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. लाईट गेल्यावर गेम सेव्ह करून पीसी बंद करायला तो आहे, मॅच पूर्ण करायला नाही.

साधा एसएमपीएस घेऊन आलात तर आम्ही ग्राफिक्स कार्डाचा पीसी जोडून देत नाही. दुकानदाराला स्वतःचा माल खपवायचा आहे, असं काहींना वाटतं. तुम्ही एसएमपीएस कुठूनही घ्या, आमची हरकत नाही. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, चालेल की नाही ते आम्ही मोफत सांगतो. बाहेरून आणलेल्या पार्टची जोडणी मजुरी घेऊन करून देतो. आमच्याकडून पूर्ण सेट घेतल्यास जोडणी मोफत आहे, आणि वॉरंटीसाठी पार्ट पाठवायची धावपळ आम्ही करतो.

जोडलेला पीसी आम्ही त्याच दिवशी देत नाही, रात्रभर लोडवर चालवून दुसऱ्या दिवशी देतो. घरी नेल्यावर बंद पडण्यापेक्षा दुकानात बंद पडलेला बरा.

पार्टचे भाव सतत बदलतात, म्हणून इथे छापलेले नाहीत. येताना बजेट, खेळायच्या गेमची नावं आणि मॉनिटर असेल तर त्याचा मॉडेल नंबर आणा. घर जुनं असेल तर पीसी लावायच्या बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. परीक्षा संपल्या की गर्दी होते, तेव्हा जोडणीला दोन-तीन दिवस जास्त धरा.