अपस्मार, भाषा आणि स्कॅन : ‘प्रबळ बाजू’ या शब्दाची पार्श्वभूमी

अपस्माराच्या ऑपरेशनआधी फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे दाखवणारा स्कॅन होतो, रंगीत ठिपक्यांची चित्रं येतात, पण रिपोर्टमधली एकच ओळ सगळे आधी शोधतात: ‘भाषेसाठी डावा गोलार्ध प्रबळ’, म्हणजे भाषेचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतं. कधी उजवा, कधी दोन्ही. डावा टेम्पोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग, किती काढायचा, कुठे थांबायचं, रुग्णाला कोणत्या धोक्याची कल्पना द्यायची, यात या ओळीचं वजन मोठं असतं. ही ओळ स्कॅनने शोधलेली नाही. स्कॅनच्या कितीतरी आधीच्या एका चाचणीकडून ती तशीच्या तशी पुढे आली आहे, आणि आजचे बरेचसे वाद तिथूनच निघतात.

ती चाचणी म्हणजे वाडा टेस्ट. ‘वाडा’ हे ती बसवणाऱ्या जपानी डॉक्टरांचं आडनाव. १९४९ मध्ये तिच्याबद्दल जपानी भाषेत लिहिलं गेलं, आणि १९६० मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून इंग्रजीत अनुभव प्रसिद्ध झाल्यावर ती जगभर गेली. त्याआधी भाषेची बाजू कळायची ती मेल्यानंतर मेंदू उघडून, किंवा ऑपरेशन टेबलावर जाग्या रुग्णाच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून. ऑपरेशन ठरवायच्या आधीच उत्तर मिळण्याची सोय वाडा टेस्टने प्रथम केली.

ती होते कशी, हे नीट पाहायला हवं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेतात. रुग्ण दोन्ही हात वर धरून आकडे मोजत असतो. नळीतून अमोबार्बिटल हे गुंगीचं औषध सोडलं की काही सेकंदांत विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो, म्हणजे एक गोलार्ध झोपला. त्याच क्षणी मोजणं थांबलं, तर भाषा त्या गोलार्धात. मग हाताशी मोजकी मिनिटं उरतात. तेवढ्यात चित्रं दाखवायची, नावं विचारायची, सोप्या सूचना द्यायच्या, स्मरणशक्तीही तपासायची. नंतर तेच दुसऱ्या बाजूला. नळी धमनीत घालावी लागते, त्यामुळे पक्षाघाताचा थोडा का होईना, धोका असतोच. औषधाचीही अडचण आली: अमोबार्बिटलचा पुरवठा पुढे इतका अनियमित झाला की अनेक ठिकाणी दुसरी औषधं वापरावी लागली.

अर्धा मेंदू झोपवणाऱ्या चाचणीला एकच प्रश्न विचारता येतो: कोणती बाजू? त्या अर्ध्यातला कोणता कोपरा, हे तिला सांगता येत नाही. १९७७ मध्ये या चाचणीवरून आलेले आकडे अजून पाठ्यपुस्तकांत आहेत: लहानपणी डाव्या बाजूला इजा न झालेल्या उजव्या हाताच्या माणसांत ९६ टक्के भाषा डावीकडे, डावखुऱ्यांत ७० टक्के डावीकडे, १५ टक्के उजवीकडे, १५ टक्के दोन्हीकडे. डावी, उजवी, दोन्ही, हे तीन कप्पे तेव्हापासून पक्के झाले.

फंक्शनल एमआरआय १९९० च्या दशकात आला तो या कप्प्यांत शिरूनच. मेंदूचा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त वाढतं आणि सिग्नलमध्ये जेमतेम काही टक्क्यांचा फरक पडतो, तोही पाच-सहा सेकंद उशिरा. म्हणून काम आणि तुलनेचं काम आलटून पालटून देतात. १९९६ चा अभ्यास इथे मैलाचा दगड मानला जातो. त्यात २२ रुग्णांना कानावर पडणाऱ्या शब्दांच्या अर्थावरून निर्णय घ्यायचा होता आणि तुलनेसाठी नुसते सूर ओळखायचे होते. २२ पैकी २२ जणांत स्कॅन आणि वाडा टेस्ट एकाच कप्प्यावर आले. तिथून पुढे वीस वर्षं जवळपास प्रत्येक अभ्यासाने एकच हिशोब मांडला: वाडाशी किती जुळतं?

कप्पा ठरतो तो लॅटरॅलिटी इंडेक्स नावाच्या आकड्यावरून, आणि सगळा गुंता या आकड्यात आहे. डावीकडे उजळलेल्या ठिपक्यांतून उजवीकडचे वजा करायचे आणि एकूण ठिपक्यांनी भागायचं. उत्तर अधिक एक ते उणे एक यांच्यामध्ये येतं. अधिक ०.२ च्या वर डावा, उणे ०.२ च्या खाली उजवा, मधलं सगळं ‘दोन्ही’, अशी रीत बरीच रुळली आहे. काही जण ०.१ धरतात. आता समजा, एका रुग्णाचे डावीकडे ६०० आणि उजवीकडे ४०० ठिपके उजळले. इंडेक्स ०.२, बरोब्बर कुंपणावर. संगणकावर थ्रेशहोल्ड, म्हणजे ठिपका ‘उजळला’ असं मानण्याची किमान पातळी, थोडा कडक केला, कमकुवत ठिपके गळाले, उरले २०० आणि ८०. इंडेक्स ०.४३. तोच रुग्ण, तोच स्कॅन. मघाशी ‘दोन्ही’कडे झुकणारा आता ठाम ‘डावा’. यावर उपाय निघाले आहेत, अनेक थ्रेशहोल्डवर इंडेक्स काढून त्याची सरासरी धरली जाते, पण ०.२ ही रेघ कोणत्याही मेंदूत आखलेली नाही. ती माणसांनी सोयीसाठी ओढली आहे, आणि रिपोर्ट वाचताना हे सहज विसरलं जातं.

या कप्प्यांत निरोगी माणसं आणि रुग्ण किती वेगळे विभागले जातात, हे १९९९ च्या एका तुलनेवरून कळतं. तिच्यात सगळे उजव्या हाताचे होते. १०० निरोगी माणसांपैकी ९४ टक्के डावीकडे, ६ टक्के मधल्या पट्ट्यात, उजवीकडे कोणीच नाही. अपस्माराच्या ५० रुग्णांत डावीकडे ७८ टक्के, मधे १६ आणि उजवीकडे ६. लहानपणापासून डाव्या मेंदूत फिटचं मूळ असेल तर भाषा सरकते, हे आधीही माहीत होतं. पण ती सगळी एकदम सरकत नाही, ही गोष्ट स्कॅनमुळे डोळ्यांना दिसली. बोलण्याचा पुढचा भाग डावीकडे आणि ऐकून समजण्याचा मागचा भाग उजवीकडे, असेही रुग्ण निघतात. अशा माणसाचा पूर्ण गोलार्धाचा इंडेक्स शून्याजवळ येतो आणि रिपोर्टमध्ये ‘दोन्ही’ छापलं जातं. ‘प्रबळ’ हा शब्द इथे निव्वळ अपुरा नाही, तो चुकीची दिशा दाखवतो.

मला सर्वात जास्त खटकतं ते मोजमापाचं मूळ. वाडा आणि स्कॅन जुळले नाहीत की चूक स्कॅनची, असं गृहीत धरलं गेलं. रुग्णाचा प्रश्न मात्र वेगळाच असतो: ऑपरेशननंतर मला शब्द आठवतील का? डावा टेम्पोरल लोब काढल्यावर अनेकांना नेमकी हीच अडचण येते. चित्रात किल्ली दिसते, ती कशासाठी हे पक्कं ठाऊक असतं, हात फिरवून कुलूप उघडल्याची खूणही होते, ‘ते... कुलपाचं...’ इतकं तोंडात येतं, पण ‘किल्ली’ येत नाही. २००३ मध्ये असं ऑपरेशन झालेल्या २४ रुग्णांत हाच प्रश्न तपासला गेला. टेम्पोरल भागापुरता काढलेला स्कॅनचा इंडेक्स नावं आठवण्यातली घट वाडापेक्षा चांगली सांगत होता. संख्या लहान होती, पण प्रश्न योग्य होता, आणि तो इतक्या उशिरा विचारला गेला.

२०१७ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं आली ती याच पार्श्वभूमीवर. टेम्पोरल लोबच्या आतल्या भागातून येणाऱ्या अपस्मारात दोन्ही चाचण्या ८७ टक्के जुळतात, टेम्पोरलबाहेरच्या अपस्मारात ८१ टक्के, असा आढावा घेऊन भाषेची बाजू ठरवण्यासाठी वाडाऐवजी स्कॅनचा ‘विचार करता येईल’ असं त्यांत म्हटलं. शिफारशीची पातळी खालची होती. एका गटाने ती वाडा बंद करण्याची परवानगी मानली. दुसऱ्याने उरलेल्या १३ आणि १९ टक्क्यांवर बोट ठेवलं. दोघांचंही मोजमाप पुन्हा वाडाच, याकडे दोघांचंही लक्ष कमी गेलं.

बाजूच्या पुढचा प्रश्न जागेचा, आणि तिथे स्कॅनवर किती भिस्त ठेवायची हे अजून मिटलेलं नाही. स्कॅन कामात सहभागी झालेले भाग दाखवतो; त्यातला कोणता काढला तर भाषा कोसळेल, हे सांगत नाही. गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता जवळ असला तर तिथला सिग्नल दबतो आणि भाषा दुसऱ्या बाजूला असल्याचा भास होतो. नुकतीच फिट येऊन गेली असेल तरीही चित्र फसवं येऊ शकतं. मनातल्या मनात शब्द शोधायला सांगितलेल्या रुग्णाने ते खरंच शोधले की तो नुसता पडून राहिला, हे बाहेर बसलेल्याला कळत नाही. बटण दाबून उत्तर देण्याची कामं म्हणूनच वाढली. कापण्याची रेघ भाषेच्या भागाजवळून जाणार असेल तिथे आजही मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून, जाग्या रुग्णाला नावं विचारत, एकेक जागा तपासली जाते. इंडेक्स कुंपणावर आला तर काही ठिकाणी रुग्णाला अजून वाडा टेस्टला पाठवतात, काही ठिकाणी वेगळ्या कामासह स्कॅन पुन्हा करतात. काही रिपोर्टमधली ती एक ओळ आता दोन झाली आहे: पुढच्या भागाचा इंडेक्स वेगळा, टेम्पोरलचा वेगळा.