सरासरी गाठली, मग विहीर का आटली?

सप्टेंबर आला की जळगावात ठरलेलं वाक्य कानावर येतं, पावसाने सरासरी गाठली, आता चिंता नाही. आणि मार्च लागला की यावल-रावेरला केळी जगवायला बोअर अजून खाली न्यायची धावपळ. सरासरी फक्त पाऊस किती पडला ते सांगते, मुरला किती ते सांगत नाही.

हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस आला की धो धो येतो. जमीन मात्र तिच्या वेगानेच पाणी पिते. एका हेक्टरवर 50 मिमी म्हणजे 5 लाख लिटर पाणी, ते तासाभरात कोसळलं तर बरंचसं नाल्याने तापीत आणि तापीतून गुजरातेत.

तरी आपलं नशीब चांगलं. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात नद्यांनी डोंगरातून आणलेल्या दगडगोटे-वाळूचा जाड थर आहे, त्याला बजाडा म्हणतात. सुकी, मोर या नद्यांचं पाणी इथे झपाट्याने जिरतं. निसर्गाने दिलेली टाकीच आहे ही, उपसा करून करून आपण ती खाली नेली.

मग नाला खोल करायचा, बंधारा बांधायचा, झालं? इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येतं, गाळ. धो धो पावसाचं पाणी माती घेऊन येतं, संथ झालं की बारीक चिकणमाती तळाशी बसते. पाणी एकामागे एक थरांतून उतरतं तेव्हा प्रत्येक थराचा अडथळा बेरजेत धरायचा, आणि अडथळा म्हणजे थराची जाडी भागिले त्याची पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू द्यायची क्षमता. चिकणमाती वाळूपेक्षा सहज 10,000 पट कमी पारगम्य असते, म्हणजे 1 सेंमी गाळाने जेवढं पाणी अडतं तेवढं अडायला 100 मीटर वाळू लागेल! खाली कितीही भारी बजाडा असला तरी वर बोटभर गाळ बसला की बंधारा नुसता भरलेला दिसतो, मुरत काही नाही.

हातात नारळ घेऊन पाणी दाखवणाऱ्याला हजारो रुपये देतात लोक, आणि बोअर कोरडी गेली की दोष नशिबाला. नारळाला भूगर्भ कळत नाही, तेवढ्या पैशात गाळ काढायला जेसीबी लावा.

मोठा पैसा येतोय. बाकूच्या 2024 च्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलर ठरले, आणि तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा महाराष्ट्र-मध्यप्रदेश करार 10 मे 2025 ला भोपाळला झाला, खर्च 19 हजार कोटींच्या वर. पण हे काम कर्ज काढून जमणार नाही. सोलरवाला विजेची युनिट विकून कर्ज फेडतो, जिरवलेलं पाणी मात्र शेजाऱ्याच्या विहिरीत जातं, त्याचं बिल कोणाला लावणार? म्हणून हा पैसा सरकारी अनुदानातूनच यायला हवा, आणि त्यात दरवर्षीच्या गाळाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

गावच्या बंधाऱ्याचं खरं-खोटं तपासणं सोपं आहे. दसऱ्यानंतर नाला वाहायचा थांबला की पाण्यात खुणा केलेली काठी रोवा. त्या दिवसांत दिवसाला अर्धा सेंमीच्या आसपास पाणी उन्हानेच उडतं. कोणी उपसा करत नसेल आणि भिंत गळत नसेल, तर त्यापेक्षा जास्त उतरलं ते मुरतंय. तेवढंच उतरलं तर मे महिन्यात बंधारा कोरडा पडला की गाळ खरवडून शेतात टाका.